चाळिशीत टर्फवर पोटरी फाटली, रोज चालत होतो तरी असं का? (खेळताना होणाऱ्या दुखापती)

मेहरूणची_बोरं (जळगाव)

मंडळी नमस्कार. पाय दोन उशांवर ठेवून मोबाईलवर टाईप करून राहिलो, चुका पोटात घाला.

गेल्या रविवारी रात्री साडेनऊला हायवेजवळच्या टर्फवर आमच्या ऑफिसची मॅच होती. माझं वय ४३, वजन ८४, कॉलेजात लेग स्पिन टाकायचो एवढीच काय ती क्रीडा क्षेत्रातली कामगिरी. संध्याकाळी मित्राच्या मळ्यात भरीत पार्टी झालेली, बामणोदची वांगी, कळण्याच्या पुऱ्या, हात आखडता घ्यायचा प्रश्नच नव्हता. तिथून थेट टर्फवर. गाडीतून उतरलो, स्वेटर काढला, बॅट घेतली आणि ओपनिंगला उभा. थंडी अशी की तोंडातून वाफ निघत होती. दुसरा बॉल मिडविकेटला ढकलला आणि एक रन चोरायला पळालो, तिसऱ्याच पावलाला मागून कोणीतरी पोटरीवर काठी हाणल्यासारखं वाटलं. मी पडता पडता वळून विकेटकीपरला शिवी दिली, तो बिचारा दहा फुटांवर ग्लोव्हज घालून माझ्याकडे बघत उभा.

घरी आल्यावर शेजारचे काका म्हटले लचक भरली असेल, आण चोळून देतो. कोमट तेल लावून अर्धा तास चोळली. सकाळी बघतो तर पोटरी दीडपट आणि घोट्यापर्यंत काळंनिळं उतरलेलं. सोनोग्राफीत निघालं की पोटरीच्या आतल्या बाजूचा स्नायू फाटला आहे. डॉक्टर म्हणतात सहा आठवडे.

आता माझा प्रश्न. मी गेली तीन वर्षं रोज सकाळी मेहरूण तलावावर चार किलोमीटर चालतो, पावसाळ्यातसुद्धा खाडा नाही. शुगर नॉर्मल, बीपी नॉर्मल. मी स्वतःला फिट समजत होतो भो. मग दुसऱ्याच बॉलला हे कसं काय? आणि परत होऊ नये म्हणून नक्की करायचं काय? यूट्यूबवर बघायला गेलो तर प्रत्येक जण वेगळंच सांगून राहिला.

कळण्याची_भाकरी (यावल)

भाऊ तुले कोन सांगेल व्हतं पयाले? चौका मारायचा ना, पळायचं कामच नाही.

जोक सोडा, लवकर बरे व्हा. आमच्या आजीच्या काळी कंबरेत उसण भरली की पायाळू माणूस शोधायचे, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेला, आणि त्याची लाथ कंबरेवर घ्यायची. आमच्या गल्लीत एक पायाळू मामा होते, त्यांना सिझनमध्ये फार डिमांड. पोटरीसाठी चालतं की नाही माहीत नाही, पण तुम्हाला मागून लाथ बसल्यासारखं वाटलं म्हणता तर ट्रीटमेंट तिथंच झाली म्हणायची.

तापीकाठ (भुसावळ)

वाचून अंगावर काटा आला, कारण माझं अगदी असंच झालं होतं, फक्त माझा विषय पोटरीवर भागला नाही. वय ४६, बॅडमिंटन, मागे सरकत स्मॅशला उडी मारली आणि फट्‌ असा आवाज आला, शेजारच्या कोर्टवरच्यांनी पण ऐकला. मला वाटलं रॅकेट तुटली. ती टाचेची शीर होती, अकिलीस टेंडन. आणि गंमत (आता गंमत म्हणतो, तेव्हा रडलो) अशी की मी लंगडत का होईना चालू शकत होतो, म्हणून पहिल्या ठिकाणी सांगितलं की साधी लचक आहे, क्रेप बँडेज लावा. दहा दिवस तसेच गेले. दुसऱ्या डॉक्टरांनी मला पालथं झोपवलं, पाय पलंगाच्या बाहेर लोंबता ठेवला आणि पोटरी दाबली. चांगल्या पायाची पोटरी दाबली की पाऊल आपोआप खाली जातं, माझं तिकडचं पाऊल हललंच नाही. एवढीच टेस्ट, पाच सेकंदांची. तर कोणाला असा मागून मार बसल्यासारखा फील आला तर ही टेस्ट झालीच पाहिजे, चालता येतं म्हणजे शीर शाबूत आहे असं नाही, कारण पाऊल हलवायला दुसरे स्नायू पण असतात.

अजून एक. डॉक्टरांनी विचारलं, महिनाभरात कुठलं अँटिबायोटिक घेतलं का. लघवीच्या इन्फेक्शनसाठी सिप्रोफ्लॉक्सासिनचा कोर्स केला होता. त्या जातीच्या गोळ्यांनी टेंडन कमजोर होऊ शकतं, अमेरिकेच्या औषध खात्याने २००८ मध्ये याबद्दल पाकिटावर ठळक इशारा छापायला लावला, साठीच्या पुढे आणि स्टिरॉइड चालू असतील तर धोका जास्त. माझं त्यानेच तुटलं असं कोणी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण कोर्स चालू असताना आणि नंतर थोडे दिवस उड्या मारू नका एवढं कोणीतरी सांगायला हवं होतं की नाही?

फिजिओ_पांझरा (धुळे)

बोरं भाऊ, फिजिओथेरपिस्ट आहे, दर सोमवारी माझ्याकडे तुमच्यासारखे दोन-तीन जण येतात म्हणून सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर स्क्रोल करा.

तुम्ही फिट आहात, पण चालण्यासाठी फिट आहात. तीन वर्षं शरीराला एकच काम शिकवलं, सपाट रस्त्यावर एका स्पीडने पुढे जायचं. टर्फवर तुम्ही त्याला सांगितलं की उभ्या जागेवरून एका सेकंदात फुल स्पीड घे. त्या पहिल्या दोन-तीन पावलांत पोटरीवर अंगाच्या वजनाच्या कितीतरी पट ताण येतो, आणि स्नायू लांबत असतानाच जोर लावतो, फाटतो तो तेव्हाच. त्यात थंडी, भरलेलं पोट, वॉर्मअप शून्य. दुखापत दुसऱ्या बॉलला दिसली, तयारी वीस वर्षांपासून चालू होती असं समजा.

वॉर्मअप म्हटलं की आपले लोक काय करतात, पाय कठड्यावर टाकून वाकायचं, दोनदा मान फिरवायची, झालं. ते स्ट्रेचिंग आहे. थंड स्नायू ओढून धरल्याने दुखापत टळते असा पुरावा फारसा मिळालेला नाही. २०१४ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी पंचवीस अभ्यास एकत्र करून बघितले, सव्वीस हजारांवर माणसं होती त्यात, स्ट्रेचिंगचा दुखापती कमी व्हायला उपयोग दिसला नाही आणि ताकदीच्या व्यायामाने मात्र दुखापती एक तृतीयांशाच्याही खाली आल्या. स्ट्रेचिंग वाईट नाही, खेळ झाल्यावर निवांत करा, बरं वाटतं. पण त्याच्या भरवशावर पळू नका.

खेळायच्या आधी दहा मिनिटं अशी: ग्राउंडला दोन चकरा, पहिली भरभर चालत, दुसरी हलकी जॉगिंग. मग आडवं पळा, उलटं पळा, गुडघे वर घेत पळा, पाय पुढेमागे झुलवा. मग तीन-चार छोट्या धावा, पहिली निम्म्या जोराने, शेवटची जवळपास पूर्ण जोराने. कपाळावर घाम आला की बॅट हातात घ्या. फुटबॉलवाल्यांसाठी फिफाने ११ प्लस नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप बनवला आहे, सामान काही लागत नाही, नॉर्वेत शाळकरी मुलींच्या टीमवर तो वापरून बघितला तेव्हा दुखापती साधारण एक तृतीयांशने कमी झाल्या, २००८ सालची गोष्ट. आपल्याकडे टर्फ तासावर भाड्याने असतो म्हणून वीस मिनिटं "वाया" घालवायला जिवावर येतं हे मला पण माहीत आहे. मग बाहेर पार्किंगमध्ये करा ना!

आणि आठवड्यातून दोन दिवस घरी. जिन्याच्या पायरीच्या कडेवर फक्त चवडे ठेवून टाचा वर-खाली, आधी दोन पायांवर, मग एका. एका पायावर सलग वीस-बावीस झाल्या तर पोटरी ठीकठाक, चाळिशीतल्या बऱ्याच जणांचं बारावर गाडं अडतं. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी नॉर्डिक म्हणून व्यायाम आहे, सतरंजीवर गुडघ्यांवर उभं राहायचं, बायकोला नाहीतर नवऱ्याला मागून घोटे दाबून धरायला सांगायचं आणि अंग सरळ ठेवून हळूऽहळू पुढे झुकायचं, जमेल तिथवर, मग हातावर पडायचं. पहिल्या दिवशी तीन-चारच. दुसऱ्या दिवशी संडासला बसताना माझी आठवण काढाल. पण नियमित करणाऱ्या खेळाडूंत मांडीच्या दुखापती जवळपास निम्म्या झालेल्या आहेत.

घोटा एकदा मुरगळला असेल तर तो परत मुरगळण्याची शक्यता सगळ्यात जास्त. त्याला औषध फुकट आहे, दात घासताना एका पायावर उभं राहायचं. महिन्याने डोळे मिटून.

आणि तेल लावून चोळणं. फाटलेल्या स्नायूला पहिले दोन-तीन दिवस चोळणं म्हणजे आतला रक्तस्राव वाढवणं. काकांचा हेतू चांगला असतो हो, पण हात आवरा म्हणावं.

बॅरेक_नंबर_सात (पारोळा)

ताईंनी छान लिहिलं, पण मला पटत नाही. मी फौजेत सतरा वर्षं काढली, आता गावात भरतीच्या पोरांना पहाटे मैदानावर घेतो. आम्हाला पहाटे चारला शिट्टी वाजली की डीएमएस, म्हणजे फौजेचे जड बूट घालून पळवायचे, कुठला वॉर्मअप नि कुठलं काय. पोटऱ्या फाटल्या का आमच्या? आताची पोरं दोन राउंड मारले की सर नडगी दुखते, सर गुडघा दुखतो. रात्री एक वाजेपर्यंत मोबाईल, सकाळी डोळे तांबडे. खरी दुखापत तिथं आहे.

मैदान_हेच_घर (चाळीसगाव)

सर मी तुमच्या ग्रुपमधला नाही पण भरतीचीच तयारी करतोय. मला खरंच नडगी दुखते, नाटक नाही. पोलीस भरतीला १६०० मीटर आहे, जाहिरात येईल येईल म्हणतात म्हणून महिनाभरापूर्वी एकदम रोज दहा किलोमीटर चालू केलं डांबरी रस्त्यावर, आधी काहीच पळत नव्हतो, शेतात काम करायचो फक्त. बूट भावाचे आहेत जुने. आता दोन्ही नडग्यांच्या आतल्या बाजूला दुखतं, पळायला लागलं की पहिले दहा मिनिटं जास्त मग कमी होतं मग रात्री परत. मित्र म्हणतो गोळी खाऊन पळ. खाऊ का?

फिजिओ_पांझरा

गोळी खाऊन पळू नकोस दादा. दुखणं म्हणजे शरीराचा भोंगा, भोंग्याची वायर कापून आग विझत नाही. शिवाय घामाने पाणी कमी झालेलं असताना त्या गोळ्या किडनीला जड जातात.

आता नीट वाच. बोटाने दाबून बघ. नडगीच्या आतल्या कडेला चार-पाच बोटं लांब पट्टा दुखत असेल तर ते शिन स्प्लिंट, म्हणजे हाडाच्या कडेवर आलेला ताण, वेळीच पळणं कमी केलं तर काही आठवड्यांत बरं होतं. पण एकाच ठिकाणी, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत टोचल्यासारखं दुखत असेल, एका पायावर उडी मारली की कळ येत असेल, झोपेत पण ठणकत असेल तर हाडाला बारीक चीर असू शकते, स्ट्रेस फ्रॅक्चर. तेव्हा पळणं पूर्ण बंद आणि हाडाच्या डॉक्टरकडे. एक्सरे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत नॉर्मल येऊ शकतो, म्हणून "एक्सरे क्लिअर आहे, पळ" असं कोणी म्हटलं तरी ऐकू नको, दुखणं राहिलं तर एमआरआयबद्दल विचार.

तुझं पहिल्या प्रकारातलं वाटतंय, पण मी तुझा पाय बघितलेला नाही. पंधरा दिवस पळणं बंद, त्याऐवजी सायकल चालव, शेतातल्या गाडीवाटेवर चाल. पायरीवर टाचा वर-खाली तुला पण. मग एक मिनिट पळ, दोन मिनिट चाल असं सुरू कर, डांबरावर नाही, मातीच्या मैदानावर. आठवड्याचं अंतर थोडं थोडंच वाढव आणि दर तीन-चार आठवड्यांनी एक आठवडा मुद्दाम कमी. १६०० मीटरच्या परीक्षेसाठी रोज दहा किलोमीटर लागत पण नाही. पावलं लांब टाकू नको, छोटी आणि भरभर. बूट जमले तर स्वतःच्या मापाचे घे, महागच पाहिजेत असं नाही.

तुमच्या ग्रुपमध्ये मुली असतील तर हे त्यांना वाचायला दे. पळणं वाढवलं, जेवण तेवढंच राहिलं आणि पाळी लांबली किंवा बंद झाली तर ती "फिटनेस"ची खूण नाही. हाडं कमजोर व्हायला लागल्याची खूण आहे. आपल्याकडे मुलगी सगळ्यांचं झाल्यावर जेवते, भाकरीबरोबर डाळ उरली तर उरली, आणि पहाटे उपाशीपोटी पळते. अशा दोन मुलींची नडगीची हाडं मी मागच्या वर्षी बघितली.

बॅरेक काका, रागावू नका, पण पायाच्या हाडाच्या या बारीक फ्रॅक्चरला मार्च फ्रॅक्चर म्हणतात ते सैनिकांच्या कवायतीवरूनच. १८५५ साली प्रशियाच्या लष्करातल्या डॉक्टरने पहिल्यांदा नोंदवलं, लांब कूच करून सैनिकांची पावलं सुजत होती म्हणून. तुमच्या बॅचमध्ये पण असणार कोणीतरी, ज्याला मेडिकल ग्राउंडवर घरी पाठवलं. मोबाईल आणि झोपेबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. अमेरिकेत शाळकरी खेळाडूंवर झालेल्या एका अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापतीचा धोका १.७ पट दिसला होता.

बॅरेक_नंबर_सात

होते. दोघे होते. एक जण नगर जिल्ह्यातला, त्याच्या पायाला प्लास्टर लागलं आणि तो परत आलाच नाही. आम्ही त्याला कामचोर म्हणायचो.

ठीक आहे. उद्यापासून पोरांना आधी दोन चकरा हळू मारायला लावतो. पण साडेनऊनंतर मोबाईल बंद हा माझा नियम राहणार, आणि पोरा, तू चाळीसगावचा ना, गोळाफेक पण आहे बरं तुला, ७.२६० किलोचा लोखंडी गोळा पहिल्याच दिवशी उचलून फेकू नको, माझ्या एका पोराची पाठ धरली. आधी कमरेचा, पोटाचा व्यायाम, मग हलका गोळा, मग तो.

खापरावरचे_मांडे (अमळनेर)

सगळे पुरुषांचेच किस्से चालू आहेत म्हणून मी येते मध्ये. आता रथसप्तमी आली, आमच्या कॉलनीत १०८ सूर्यनमस्कारांचा कार्यक्रम असतो. वर्षभर एक पण न घालणाऱ्या बायका त्या दिवशी इरेला पेटून १०८ घालतात (मी पण). मागच्या वर्षी सत्तरनंतर मनगटं गेली, नव्वदला खांदा, आणि दुसऱ्या दिवशी कंबर अशी धरली की मिस्टरांनी चहा करून दिला, म्हणजे बघा किती गंभीर असेल. १०८ घालायला गेले आणि १०८ बोलवायची वेळ आली. या वर्षी डिसेंबरपासून रोज बारा, मग अठरा, मग चोवीस असं वाढवतेय, आणि मनगट दुखलं की हात मुठीवर टेकवते. बघू किती होतात ते, १०८ झालेच पाहिजेत असा काही कायदा नाही.

पण खरं सांगायचं ते वेगळं. माझ्या भाच्याने, वय एकोणीस, जिमला पहिल्याच आठवड्यात मित्रांशी पैज लावून पाचशे बैठका मारल्या. दुसऱ्या दिवशी मांड्या सुजून पॅन्ट चढेना, तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी. बहिणीला वाटलं उष्णता झाली, तिने सब्जा दिला. नशीब तिसऱ्याच दिवशी दवाखान्यात नेला, स्नायू विरघळून त्याचा माल किडनीत अडकत होता म्हणे, पाच दिवस सलाईन. असं काही असतं हे आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं हो. ताई, हे कितपत कॉमन आहे?

फिजिओ_पांझरा

रॅब्डोमायोलिसिस म्हणतात त्याला. रोज दिसणारी गोष्ट नाही, पण बरेच दिवसांच्या खंडानंतर पहिल्याच दिवशी पैज, चॅलेंज, नवीन ट्रेनरसमोर शायनिंग, यात होते. उन्हाळ्यात जास्त. व्यायामानंतर लघवीचा रंग काळा-तपकिरी झाला तर तो त्याच दिवशीचा दवाखाना आहे, उद्याचा नाही. तुमच्या बहिणीने नेलं ते फार बरं केलं.

हळदीचा_लेप (शिरपूर)

एक शंका. मुरगळलं की बर्फ लावायचा की शेकायचं? आमच्याकडे आंबेहळद आणि तुरटीचा गरम लेप लावतात, पिढ्यान्‌पिढ्या. आणि आता इंग्रजी वेबसाइटवर वाचलं की बर्फ पण लावू नका. डोकं फिरायची वेळ आली.

तापीकाठ

माझ्या त्या टाचेच्या काळात हाच विषय वाचून काढला होता त्यामुळे सांगतो. आराम, बर्फ, पट्टी आणि पाय उंच, याचं इंग्रजीत "राईस" असं सूत्र करून डॉ. गेब मिर्किन यांनी १९७८ मध्ये दिलं, जगभर तेच चाललं. मग २०१४ मध्ये त्यांनीच लिहिलं की बर्फ आणि पूर्ण आराम यांनी बरं व्हायला उशीर लागू शकतो, कारण सूज ही दुरुस्तीचाच भाग आहे. माणूस मोठा म्हणायचा, स्वतःचं सूत्र स्वतः मोडलं, आपल्याकडे तर व्हॉट्सॲपवर टाकलेला चुकीचा फॉरवर्ड पण कोणी मागे घेत नाही. आता बर्फ दुखणं कमी करण्यापुरता, कपड्यात गुंडाळून, दहा-पंधरा मिनिटं, एवढं चालतं. पण पहिल्या दोन दिवसांत गरम लेप आणि शेक नको. आणि महिनाभर पलंगावर पडून राहणं पण नको.

घोटा मुरगळला तर एक्सरे कधी काढायचा याचा पण साधा नियम आहे, कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये बनवला. घोट्याच्या दोन्ही उंचवट्यांच्या मागच्या कडेला किंवा टोकाला हाडावर दाबून दुखलं, नाहीतर पावलाच्या मधल्या भागात करंगळीच्या बाजूला किंवा आतल्या बाजूला हाडावर दुखलं, किंवा चार पावलं पण टाकता येत नसतील, तर काढायचा. यातलं काहीच नसेल तर बहुतेक वेळा फ्रॅक्चर नसतं.

रावेरची_केळी (रावेर)

मी वाचतो फक्त, लिहित नाही, पण एक लिहितो. दोन वर्षांपूर्वी व्हॉलीबॉल खेळताना आमच्यातला एक जण म्हटला छातीत जळजळ होऊन राहिली, गॅस झाला. आम्ही सोडा आणून दिला. तो सोडा पिऊन परत खेळायला उतरला. पुढचं लिहवत नाही. वय ३९. खेळताना छाती, जबडा, डावा हात दुखला, एकदम दम लागला, गरगरलं, तर गॅस समजू नका, खेळ थांबवा, १०८ लावा. घरात कोणी पन्नाशीच्या आत असं गेलेलं असेल तर मैदानावर परत उतरायच्या आधी तपासणी करा. आणि तापात खेळू नका, व्हायरल असला तरी, हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते असं नंतर डॉक्टरांकडून कळलं.

कळण्याची_भाकरी

केळी भाऊ... वाईट झालं. आमच्या ग्रुपवर टाकतो हे.

बॅरेक_नंबर_सात

आता थंडी आहे म्हणून कोणी बोलत नाही, पण होळीनंतरचं पण लिहून ठेवतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. ऊन वाढायला लागलं की पहिले दहा-बारा दिवस निम्मा व्यायाम, शरीराला सवय व्हायला तेवढे लागतातच, हे फौजेत शिकवलेलं. पहाटे साडेसहाच्या आत मैदान रिकामं. पोरगं पळता पळता बरळायला लागलं, झोकांड्या द्यायला लागलं की उचलून सावलीत, बूट-शर्ट काढा, बादलीने पाणी ओता, वारा घाला, बर्फ असेल तर मान-काख-जांघेत ठेवा, आणि गाडी बोलवा. आधी थंड करा मग हलवा, बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका. कृत्रिम टर्फ तर दुपारी तवा असतो, तिथं उन्हात लहान पोरांना अनवाणी सोडतात ते आईबाप मला कळत नाहीत.

मेहरूणची_बोरं

पाच आठवडे झाले मंडळी, धागा वर आणतो. लंगडणं बंद. पायरीवर टाचा वर-खाली चालू आहेत, चांगल्या पायाच्या एकवीस होतात, फाटलेल्याच्या सात. ताईंना व्यनि (खासगी मेसेज) केला होता, त्या म्हणाल्या दोन्ही पाय बरोबरीला आल्याशिवाय आणि जोरात धावून बघितल्याशिवाय मॅच नाही, तीन महिने धरून चला. तलावावर आता चार किलोमीटरच्या मध्ये मध्ये वीस-वीस पावलं पळतो, लोक वळून बघतात की याच्या मागे कुत्रं लागलं का काय.

रविवारी मी अंपायर होतो. सगळ्यांना पार्किंगमध्ये दहा मिनिटं नाचवलं, खूप शिव्या खाल्ल्या. आमचे अकाउंट्सवाले साहेब नेहमीसारखे उशिरा आले, गाडीतून उतरून थेट बॅट मागायला लागले. मी म्हटलं सर, दोन चकरा मारल्याशिवाय मी बॉल टाकूच देणार नाही. ते म्हटले तू अंपायर आहेस की पीटीचा मास्तर. पण मारल्या.

मैदान_हेच_घर

ताई नडगी आता पळताना दुखत नाही. कालपासून तीन मिनिट पळणं एक मिनिट चालणं वर आलो, शाळेच्या मैदानावर. बूट घेतले.

कळण्याची_भाकरी

बोरं भाऊ, बाकी सगळं ठीक, भरीत पार्टी परत कधी? वांगी संपत आली.

मेहरूणची_बोरं

येत्या रविवारी. या वेळी मॅचनंतर.